घड कोणत्या छाटणीत ठरतो?

फेब्रुवारीत भाचीच्या शाळेचा बास्केटबॉलचा अंतिम सामना पाहायला गेलो होतो. शेवटची चाळीस सेकंदं उरली होती, एका गुणाची पिछाडी होती आणि तिच्या सरांनी टाइमआउट घेतला. मुली घोळका करून उभ्या राहिल्या, सरांनी पाटीवर मार्करने दोन बाण काढले, मुली परत मैदानात गेल्या आणि भाचीच्या मैत्रिणीने डाव्या हाताने लेअप, म्हणजे धावत बास्केटखाली जाऊन जवळून टाकलेला चेंडू, टाकून सामना जिंकला. नंतर गंगापूर रोडवरच्या टपरीवर चहा पिताना सगळ्या पालकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "आज सरांनी जिंकवलं." भाची गप्प होती. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "मामा, सरांनी सांगितलेली चाल जमलीच नव्हती. समोरच्या मुलीने वाट अडवली. मग हिने आपल्या मनाने बॉल घेतला आणि घुसली."

मी संख्याशास्त्र शिकवतो. भाचीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण तिने नकळत माझ्या विषयातला एक अवघड प्रश्न विचारला होता. एखाद्या माणसाचं श्रेय मोजायचं म्हणजे त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झालं असतं, हे काढायचं. आणि तो सामना तर पुन्हा खेळवता येत नाही.

शाळेच्या एका सामन्यावरून हे कळणार नाही. पण अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये दर मोसमात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो आणि कित्येक दशकांच्या नोंदी उपलब्ध आहेत. सर्वाधिक विजेतेपदं मिळवणारा तिथला प्रशिक्षक म्हणजे फिल जॅक्सन. शिकागो बुल्सबरोबर सहा आणि लॉस एंजेलिस लेकर्सबरोबर पाच, एकूण ११. आता त्याच्या हाताखालचे खेळाडू पाहा. शिकागोत मायकेल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन, लॉस एंजेलिसमध्ये शकील ओनील आणि कोबी ब्रायंट. मग शंका येणारच की असे खेळाडू असताना कोच कोणीही चालला असता.

ऑक्टोबर १९९३ मध्ये जॉर्डनने अचानक निवृत्ती जाहीर केली आणि या शंकेची परीक्षा आपोआप झाली. कोच तोच, संघातला सर्वांत मोठा खेळाडू गायब. आदल्या मोसमात बुल्सने ८२ पैकी ५७ सामने जिंकले होते. जॉर्डनशिवाय त्यांनी ५५ जिंकले. फक्त दोन कमी! विजेतेपद मात्र गेलं; मोसमाअखेरच्या प्लेऑफ मालिकांत दुसऱ्याच फेरीत न्यूयॉर्कने त्यांना सात सामन्यांच्या झुंजीत हरवलं. जॅक्सनच्या बाजूने देता येईल असा हा सर्वांत भक्कम पुरावा, असं मला वाटतं.

लेकर्सची नोंदही त्याच्या बाजूने बोलते. १९९९ मध्ये ओनील आणि ब्रायंट दोघंही संघात होते, तरी सॅन अँटोनियोने त्यांना ४-० असं धुऊन काढलं होतं. जॅक्सन आला आणि पुढच्याच मोसमात ६७ विजय, वर विजेतेपद. पण ब्रायंट तेव्हा जेमतेम एकविशीत होता. तो तसाही सुधारणारच होता. त्या वाढीतला किती भाग जॅक्सनचा आणि किती वयाचा?

तोच जॅक्सन २००५ मध्ये लेकर्सकडे परतला तेव्हा ओनील नव्हता. ब्रायंट होता, पण सलग दोन वर्षं संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडला. फेब्रुवारी २००८ मध्ये पाऊ गॅसोल संघात आला. त्या वर्षी अंतिम फेरी, आणि २००९ व २०१० मध्ये विजेतेपद. कोचच्या डोक्यात वर्षभरात असा काय फरक पडला असेल?

सॅन अँटोनियो स्पर्सच्या ग्रेग पॉपोविचची गोष्ट याहून बोलकी आहे. डिसेंबर १९९६ मध्ये त्याने संघ हातात घेतला. मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जवळपास पूर्ण मोसम जखमी होता. पॉपोविचच्या हाताखाली संघ १७ सामने जिंकला आणि ४७ हरला. या वाईट कामगिरीमुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाच्या सोडतीत संघाला जागा मिळाली, चिठ्ठी त्यांचीच निघाली आणि टिम डंकन आला. रॉबिन्सनही बरा झाला. तोच कोच पुढच्या मोसमात ५६ सामने जिंकला. पॉपोविचची पाचही विजेतेपदं डंकन संघात असतानाची आहेत.

बास्केटबॉलमध्ये असं होण्याचं कारण खेळाच्या रचनेतच आहे. मैदानात एका बाजूने पाचच जण असतात, म्हणजे एक खेळाडू हा संघाचा पाचवा हिस्सा. क्रिकेटमध्ये उत्तम फलंदाज बाद झाला की त्या डावात पुन्हा येत नाही. इथे चेंडू वारंवार त्याच एका माणसाच्या हातात देता येतो. शिवाय एका सामन्यात प्रत्येक संघाला जवळपास शंभर वेळा हल्ला करायला मिळतो. इतक्या वेळा फासे टाकले की नशिबाचे चढउतार एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात आणि सरस संघ पुढे निघतो. त्यामुळे सर्वोत्तम खेळाडू कोणाकडे आहे, हा प्रश्न बास्केटबॉलमध्ये बहुतेक सांघिक खेळांपेक्षा जड पडतो. बिल रसेलचं उदाहरण घ्या. बोस्टनसाठी त्याने १३ मोसमांत ११ विजेतेपदं मिळवली. त्यातली नऊ रेड आउरबाखच्या हाताखाली. १९६६ मध्ये आउरबाखने कोचची जागा सोडली, तेव्हा रसेल स्वतःच खेळाडू आणि कोच दोन्ही झाला, आणि १९६८ व १९६९ मध्ये पुन्हा विजेता ठरला.

हे सगळं मी मोहाडीला मामांच्या द्राक्षबागेत बसून बोलत होतो. मामा थॉमसन जातीच्या द्राक्षांचा एक घड हातात तोलत म्हणाले, "हा घड कधी तयार झाला सांग." मी म्हटलं, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. ते हसले. "ऑक्टोबरला तो फक्त बाहेर येतो. एप्रिलला खरड छाटणी केली, नवी काडी फुटली, त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होऊन जाते. तेव्हा ऊन मिळालं नाही, काडी नुसती वाढत सुटली, तर ऑक्टोबरला कितीही हुशार माणूस छाटणीला आण, डोळ्यात घडच नसतो."

श्रेयाच्या हिशेबातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण घड दिसतो तेव्हाच्या छाटणीला दाद देतो.

टोरंटो रॅप्टर्सचं बघा. ड्वेन केसीच्या हाताखाली २०१७-१८ मध्ये त्यांनी ५९ सामने जिंकले, पण प्लेऑफमध्ये हरले. केसीला काढून टाकलं, आणि त्यानंतर दीड महिन्यात त्यालाच त्या मोसमातला सर्वोत्तम कोच म्हणून पुरस्कार मिळाला. त्याचा सहायक निक नर्स कोच झाला, कवाय लेनर्ड संघात आला. पुढच्या मोसमात विजय ५८, आधीपेक्षा एक कमीच, पण विजेतेपद मिळालं. वाटेत फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात लेनर्डने शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू रिंगवर चार वेळा उसळून आत पडला. पाचव्यांदा उसळून बाहेर गेला असता तर सामना जादा वेळेत गेला असता, आणि कदाचित नर्सचं नाव आज वेगळ्या सुरात घेतलं गेलं असतं.

संघ घसरणीला लागला की कोच बदलतात, आणि बहुतेकदा संघ सावरतो. म्हणून नव्या कोचला हार घालायचे का? नेदरलंड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या फुटबॉल लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या नोंदी तपासल्या. त्यांनी एक साधी पण हुशार गोष्ट केली: जे संघ तेवढेच घसरले होते पण ज्यांनी कोच बदलला नाही, त्यांच्याशीही तुलना केली. तेही तसेच सावरले होते. फार वाईट दिवसांनंतर सरासरी दिवस येण्याची शक्यता मुळातच जास्त असते. ताप उतरायच्या दिवशी दिलेल्या औषधाला जसं यश मिळतं, तसंच हे.

मग दुसरा मार्ग म्हणजे खेळाडूंवरून मोजणं. एकच खेळाडू वेगवेगळ्या कोचच्या हाताखाली खेळतो. वय, दुखापती वगैरे हिशेबात घेऊन त्याच्या कामगिरीत कोचमुळे फरक पडला का, हे पाहायचं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनबीएच्या साठाहून अधिक कोचबद्दल अशी तपासणी केली. जेमतेम चौथ्या हिश्शाच्या कोचबाबत खेळाडू सुधारल्याचा ठाम पुरावा मिळाला. उरलेल्यांचा परिणाम शून्यापासून वेगळा काढता आला नाही. जॅक्सन मात्र त्या चौथ्या हिश्शात होता.

इथे थांबलो असतो तर मी कोचवर अन्याय केला असता. परिणाम लहान असणं आणि बिनमहत्त्वाचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब करून पाहू. समजा, प्रत्येक सामना जिंकण्याची तुमची शक्यता ५५ टक्के आहे. सातपैकी चार जिंकायची मालिका जिंकण्याची शक्यता मग सुमारे ६१ टक्के होते. विजेतेपदासाठी अशा चार मालिका लागोपाठ जिंकाव्या लागतात, म्हणजे शक्यता उरते १४ टक्क्यांच्या आसपास. आता कोचने ५५ चे ६० केले. मालिका जिंकायची शक्यता ७१ टक्के आणि विजेतेपदाची २५ टक्क्यांवर. एका सामन्यात डोळ्यांना जाणवणारही नाही इतक्या फरकाने विजेतेपदाची शक्यता जवळपास दुप्पट झाली. प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्धी सारखा नसतो, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत, पण गुणाकाराचा हा जोर खरा आहे.

ते पाच टक्के कुठून येतात? बहुतेक वेळा कंटाळवाण्या गोष्टींतून. तीन गुणांच्या रेषेबाहेरून टाकलेला थ्री-पॉइंटर १०० पैकी ३६ वेळा लागला तरी १०८ गुण होतात. रेषेच्या जरा आतून टाकलेला दोन गुणांचा चेंडू ४० वेळा लागला तरी ८०च. खेळाडूला तीन पावलं मागे उभं राहायची सवय लावणं, हे कोचचं काम. स्टीव्ह कर २०१४ मध्ये गोल्डन स्टेटला आला, तेव्हा स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसन आधीपासून तिथे होते आणि आधीच्या कोचच्या हाताखाली संघ ५१ सामने जिंकला होता. करने चेंडू फिरता ठेवायला लावला आणि संघ ६७ विजयांसह विजेता झाला. त्या वर्षी डेव्हिड ली जखमी झाल्यामुळे ड्रेमंड ग्रीनला सुरुवातीच्या पाचांत जागा मिळाली आणि मग ती त्याचीच राहिली, हेही सांगायला हवं. पुढच्या मोसमात करच्या पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे पहिले ४३ सामने सहायक ल्यूक वॉल्टनने सांभाळले आणि त्यातले ३९ जिंकले. नोंदवहीत ते विजय करच्या नावावर आहेत. एका अर्थी ते बरोबरही आहे. कोच खुर्चीत नसतानाही त्याने लावलेली सवय खेळत होती.

पॉपोविचचं २०१३-१४ चं काम मला सर्वांत आवडतं. त्याच्या संघात एकाही खेळाडूची सरासरी सामन्यामागे ३० मिनिटांपर्यंत पोचली नाही. आदल्या मोसमात मायामीच्या सामन्याआधी डंकनसह मुख्य खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठवलं म्हणून लीगने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड केला होता. तरी त्याने पद्धत सोडली नाही. जून २०१४ मध्ये ताज्या पायांच्या त्या संघाने अंतिम मालिकेत मायामीलाच ४-१ ने हरवलं.

पण मग शेवटी कोचला किती टक्के द्यायचे? हा प्रश्नच टक्क्यांत बसत नाही. शेताच्या क्षेत्रफळात लांबीचे किती टक्के आणि रुंदीचे किती, असं कोणी विचारत नाही, कारण तिथे गुणाकार असतो. इथेही तसंच. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली पळायला लागली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य जिंकली. तिच्या पायांशिवाय सिंगांचं घड्याळ रिकामं फिरलं असतं. आणि त्या घड्याळाशिवाय ते पाय कुठवर पोचले असते, कोण सांगणार?

परवा भाची घरी आली तेव्हा मी तिला त्या सामन्याबद्दल पुन्हा विचारलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सरांनी तिच्या मैत्रिणीला बराच वेळ बाकावर बसवलं होतं. तेव्हा माझ्या शेजारचे पालक चिडले होते, हे मला आठवलं. चांगली खेळणारी पोरगी बाहेर का, म्हणून. "ती दमली होती मामा. नाहीतर शेवटी एवढी धावलीच नसती."

"आणि डाव्या हाताचा लेअप? तो सरांनी शिकवला?"

"नाही, तो सहावीत. आधीच्या मॅडमनी. उजवा हात ओढणीने पाठीशी बांधायला लावायच्या आणि रोज पन्नास टाकायला सांगायच्या. आता त्या आमच्या शाळेत नाहीत."

बक्षीस समारंभाला त्यांना बोलावलं होतं का, असं मी विचारलं. भाचीने नकारार्थी मान हलवली आणि म्हणाली, त्यांचा नंबर तिच्या मैत्रिणीकडे आहे. आम्ही तो मागवून घेतला आणि संध्याकाळी दोघी मुलींनी त्यांना फोन लावला.