धुळ्याची गल्लीरचना
खानदेशातील धुळे शहराच्या नव्या भागाची सरळ, समांतर गल्ल्यांची आखणी. धुळेकर आजही पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असा नुसता आकडा सांगतात. देशातील सुरुवातीच्या नियोजित शहरांत धुळ्याची गणना होते.

१८०३च्या दुष्काळात धुळे ओस पडले होते. पुढच्या वर्षी विंचूरकर सरदारांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी १८१९मध्ये येथे मुख्य ठाणे केले. तेव्हा गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला पाट आणि सभोवती बागायत, असे ते कोंडलेले गाव होते. ब्रिग्ज यांनी लांबून कारागीर आणवून कचेऱ्या बांधल्या. व्यापाऱ्यांना घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा दिली, शिवाय पक्के घर बांधायला आगाऊ रक्कमही दिली. ही सवलत जुन्या रहिवाशांनाही होती. नवे धुळे भरले त्यात या सवलतींचा वाटा आखणीइतकाच मोठा मानावा लागेल. जुने धुळे मात्र वाकड्यातिकड्या बोळांचेच राहिले.

ही आखणी अभियंते विश्वेश्वरय्यांची, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीत आले १८८४ साली, म्हणजे ब्रिग्ज यांच्यानंतर पासष्ट वर्षांनी. पांझरा खोऱ्यात पाटासाठी त्यांनी केलेले सायफनचे (पाणी नळातून प्रवाहापलीकडे नेण्याचे) काम हे त्यांचे येथील खरे योगदान.

पांझरेकाठची फड पद्धत या वस्तीहून जुनी. बंधाऱ्यातून पाट काढायचा, शिवाराचे फड म्हणजे भाग पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने पाणी वाटायचे. त्यामुळे येथे पाणी कुठून कुठे उतरते, हे शिवारातच लिहिलेले असते. नदीच्या शेजाराची किंमतही गावाने मोजली. १८७२च्या पुराने मोठे नुकसान केले.

पांझरेपलीकडे देवपूर वाढले आणि आता शेते बिनशेती होऊन कॉलन्या उठत आहेत. ४,००० चौ.मी. वा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. ती बहुधा प्लॉट पाडून उरलेल्या कोपऱ्यात जाते. खरे तर ती नाल्याच्या किंवा जुन्या पाटाच्या काठाने सोडायला हवी. तेथे पावसाचे पाणी मुरते, आणि मेच्या उन्हात टिकणारा कडुनिंब एकदा रुजला की टँकरवाचूनही जगतो. काळ्या मातीवरची घरे पावसाळ्यात फुगवटा आणि उन्हाळ्यात भेगा सोसतात, तेव्हा पाणी पायापासून दूर नेणारा उतारही आराखड्यातच धरावा लागतो.