पाणी तोडण्याआधी बेडूक बघा

जपानच्या ह्योगो प्रांतातलं तोयोओका हे शेतीचं छोटं शहर. मारुयामा नदीला इथे उतार फार कमी, म्हणून पाणी रेंगाळतं आणि आसपासची भातखाचरं दलदलीची असतात. माणसाच्या उंचीलाही मागे टाकणारा, जवळपास दोन मीटर पंखपसाऱ्याचा पौर्वात्य करकोचा इथलाच. 1971 साली जपानमधला शेवटचा रानटी करकोचा याच गावात मेला. शिकार, युद्धकाळात तोडलेले पाइन वृक्ष, सरळ केलेले ओढे आणि पारायुक्त कीटकनाशकं, सगळ्यांनी मिळून त्याला संपवलं. 1965 पासून पिंजऱ्यात प्रजननाचे प्रयत्न सुरू होते, पण पहिलं पिल्लू जगलं ते 1989 मध्ये, तेही रशियातल्या खाबारोव्स्कहून आणलेल्या पक्ष्यांमुळे. 2005 मध्ये पाच पक्षी मोकळे सोडले गेले.

खरी अडचण त्यानंतरची होती. हा पक्षी दिवसाला सुमारे अर्धा किलो मासे, बेडूक, किडे खातो. एवढं खाद्य पुरवायचं तर खाचरात ते तयार व्हायला हवं, म्हणून शेतकऱ्यांनी रसायनं कमी केली आणि पाण्याचं वेळापत्रकच बदललं.

सुरुवात बियाण्यापासून. बुरशीनाशकाऐवजी भात जाळीच्या पिशवीत भरून 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवतात आणि लगेच गार पाण्यात काढतात. पिशवी गच्च भरली की मधल्या दाण्यांपर्यंत उष्णता पोचत नाही. मग रोपं किडकिडीत, उंच वाढवून मारणारी बुरशी शिल्लक राहते. वेळ किंवा तापमान वाढलं की उगवण घटते.

कापणीनंतर हिवाळ्यातही खाचरात पाणी ठेवतात, आणि लावणीच्या जवळपास महिनाभर आधी पुन्हा भरतात. मत्स्यालय पाळणाऱ्यांना ठाऊक असलेले ट्यूबिफेक्ससारखे बारीक लाल कृमी त्या गाळात वाढतात. ते माती खालून खाऊन वर विष्ठा टाकतात, त्यामुळे पृष्ठभागावर मऊ, लिबलिबीत थर साचत जातो आणि तणाचं बी त्याखाली गाडलं जातं. कोनागी नावाच्या तणावर मुख्य उपाय हाच, कारण ते प्राणवायू कमी असतानाही उगवतं. खोल पाण्याला ते भीत नाही. उलट सावा वर्गातल्या गवताला उगवताना प्राणवायू लागतो, त्याच्यासाठी लावणीनंतर किमान 8 सेंटिमीटर पाणी टिकवतात. त्यासाठी रोपं नेहमीपेक्षा मोठी, चार-पाच पानांची हवीत आणि बांध भक्कम हवा. जमीन सपाट नसेल तर खेळ बिघडतो: उंचवट्यावर गवत माजतं, खोलगटात रोपं बुडून कुजतात.

मग येतो सगळ्यात नाजूक टप्पा. एरवी जपानी शेतकरी जूनमध्ये पाणी तोडून खाचर सुकवतात, म्हणजे वांझ फुटवे थांबतात, मुळांना हवा मिळते आणि कापणीच्या वेळी जमीन घट्ट राहते. पण तेव्हा बेडूकमाशांना अजून पाय फुटलेले नसतात. पाणी गेलं की ते बांधाच्या कडेला वाळून मरतात. चतुराच्या अळ्यांचंही तसंच. म्हणून तोयोओकात बांधावर उतरून आधी बघतात की बेडूक तयार होऊन बाहेर पडलेत का, आणि मगच पाणी तोडतात. ते जुलैवर जातं. हा उशीर फुकटचा नाही. फुटवे जास्त होतात, आणि नंतर नीट सुकवलं नाही तर कंबाइन हार्वेस्टर चिखलात रुततो.

मासे मात्र नुसत्या पाण्याने येत नाहीत. शेतजमिनी सुधारताना निचऱ्याचे चर खोल खणले गेले आणि खाचर चरापेक्षा उंच राहिलं. अंडी घालायला खाचरात चढणारे लोच नावाचे लांबट मासे तिथे अडतात. त्यांच्यासाठी चरापासून खाचरापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांचे उतरते नळमार्ग बसवतात. त्यात धार फार जोराची झाली तर मासे चढू शकत नाहीत आणि पाणी आटलं तर मार्गच बंद, त्यामुळे हंगामभर तिथे लक्ष ठेवावं लागतं.

या पद्धतीची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. जास्त दिवस पाण्याखाली असलेल्या मातीत प्राणवायू संपतो आणि मिथेन हा हवामान तापवणारा वायू तयार होतो. त्यात ताजा पेंढा गाडलेला असेल तर आणखी. त्यावरचा एक उपाय म्हणजे पेंढा शरद ऋतूतच, खाचर कोरडं असताना, मातीत मिसळून थोडा कुजू देणं आणि हिवाळ्याचं पाणी त्यानंतर सोडणं.