तंबाखूवाला सुट्रो सॅन फ्रान्सिस्कोचा मेयर कसा झाला

अडॉल्फ सुट्रो मूळचा जर्मनीतल्या आखेनचा, ज्यू घरातला, घरी कापडाचा कारखाना. 1850 मध्ये विशीत असताना अमेरिकेत आला, तिकडे सगळे सोन्यामागे धावत होते, ह्याने मात्र सॅन फ्रान्सिस्कोत सिगार-तंबाखूची दुकानं टाकली आणि ती चालली पण.

1860 ला नेवाडात कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणी बघायला गेला आणि तिथे डोक्यात बोगदा घुसला. खाणीत खाली कढत पाणी, कोंदट हवा, पंप पुरे पडेनात, मग डोंगराच्या पायथ्याकडून आडवा बोगदा काढायचा म्हणजे पाणी आपसूक बाहेर पडेल. बँक ऑफ कॅलिफोर्नियाची मंडळी आधी सोबत होती, पण खाणीतला मालही बोगद्यातूनच बाहेर गेला तर दगड फोडून चांदी काढणाऱ्या आपल्या गिरण्यांना कोण विचारणार हे लक्षात आल्यावर त्यांनी पैशाच्या वाटा बंद केल्या. एप्रिल 1869 मध्ये तिथल्याच यलो जॅकेट खाणीत आग लागून निदान 35 माणसं गेली. सुट्रो कामगारांना म्हणाला, बोगदा असता तर जीव वाचले असते. खाण कामगारांच्या युनियनने 50 हजार डॉलर्स दिले आणि ऑक्टोबरात काम सुरू झालं. 1878 मध्ये जवळपास 4 मैलांचा बोगदा सॅव्हेज खाणीला भिडला खरा, पण तोवर खाणी त्याच्याही खाली गेलेल्या आणि चांदी संपत आलेली! सुट्रोने बोगद्याच्या कंपनीतले आपले शेअर्स बरोब्बर वेळेत विकले, दुकानदार तो दुकानदारच.

त्या पैशातून सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेत सुटला, समुद्रकाठचं क्लिफ हाऊस हे हॉटेल घेतलं, समुद्राचं पाणी भरायचे भलेमोठे स्विमिंग पूल, म्हणजे सुट्रो बाथ्स, बांधायला घेतले. पण तिथे पोचायला सदर्न पॅसिफिक रेल्वे डबल भाडं लावायची, 5 ऐवजी 10 सेंट. कामगार माणसाला कुटुंब घेऊन कसं परवडणार? ह्याने रेल्वेशी उघड भांडण काढलं, पुढे 5 सेंटवाली स्वतःची लाईनच टाकली. सगळं शहर रेल्वेवर चिडलेलंच होतं, त्यामुळे 1894 ला पॉप्युलिस्ट पक्षाकडून उभा राहिला आणि आरामात निवडून आला.

मेयर म्हणून मात्र फुसका निघाला. स्वतःच्या कंपनीत हुकूम सोडायची सवय, इथे हातात अधिकार कमी आणि सुपरवायझर, म्हणजे तिथले नगरसेवक, जुमानेनात, 1897 च्या जानेवारीत टर्म संपली. त्याच वर्षी सुट्रो बाथ्समध्ये जॉन हॅरिस ह्या कृष्णवर्णीय माणसाला पोहायला नाकारलं, 5 सेंटसाठी भांडणाऱ्या माणसाच्या जागेत हे! हॅरिस कोर्टात गेला आणि केस जिंकला.