काचेआडची सरळ तलवार: खंडा की फिरंग?

शस्त्रदालनात सरळ पात्याची तलवार दिसली की बहुतेक जण ‘खंडा’ म्हणून मोकळे होतात. पण ती ‘फिरंग’, म्हणजे युरोपीय धाटणीच्या पात्याची तलवारही असू शकते. मूठ बघून फसायला होतंच, कारण दोघींची मूठ बऱ्याचदा एकसारखी असते: बोटं झाकणारी रुंद परज आणि मागे निघालेला लोखंडी दांडा. तो दांडा दुसऱ्या हाताने धरला की दोन्ही हातांचा जोर लावून घाव घालता यायचा. तेव्हा मूठ सोडा, पातं बघा.

खंड्याचं पातं रुंद, पातळ आणि टोकाकडे आणखी पसरत जाणारं. टोक बोथट. पातळ पातं घावाबरोबर लचकू नये म्हणून कडेने कातरकाम केलेल्या पोलादी पट्ट्या ठोकलेल्या असतात. हे तोडायचं हत्यार, भोसकायचं नव्हे. (दसऱ्याला जेजुरीत दातांनीसुद्धा तोलला जातो तो सुमारे ४२ किलोंचा खंडा मात्र देवाचा, लढाईचा नव्हे.)

फिरंग अरुंद आणि लांब, टोकाकडे निमुळती. पात्यावर उभे नळ, म्हणजे लांब खाचा, कोरलेले असतात. त्यामुळे वजन घटतं, पण ताठपणा टिकतो. घोड्यावरून वार करणाऱ्याला अशी लांब, हलकी तलवार सोयीची. पातं युरोपातलं, पुष्कळदा जर्मनीतल्या झोलिंगनचं किंवा इटलीचं. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरायची आणि मूठ इथले कारागीर चढवायचे. म्हणून ‘युरोपीय पाते, मराठा मूठ’ अशी पाटी दिसली तर बुचकळ्यात पडू नका.

याचा ताजा नमुना म्हणजे नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार. २०२५मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. सरळ, एकधारी युरोपीय पातं, मुठीवर सोन्याचं काम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत ‘सेनासाहिबसुभा’ या किताबासह रघुजींचं नाव. त्याच ओळीत ‘फिरंग’ हा शब्दही आहे. म्हणजे ही फिरंग असल्याचं तिच्यावरच कोरलेलं!

पात्यावरच्या कारखान्याच्या छापावर मात्र फार विसंबू नका. युरोपीय पात्यांना मागणी इतकी, की इथले लोहारही तशीच पाती घडवून त्यांवर परदेशी छाप उठवत. आकाराने तीही फिरंगच, फक्त समुद्र न ओलांडलेली. नुसत्या छापावरून पात्याला ‘जर्मन’ ठरवणारी पाटी मला तरी पटत नाही.