व्यावसायिक नेटवर्किंगमधील संवादकौशल्ये

व्यवसायाच्या कामी येतील अशा ओळखी करणे, त्या टिकवणे आणि गरजेला एकमेकांच्या उपयोगी पडणे याला व्यावसायिक नेटवर्किंग म्हणतात. त्यासाठी बोलका स्वभाव लागतो, हा समज अर्धवट आहे. बहुतेकांचे घोडे अडते ते भेटीनंतर. कार्ड खिशात राहते, निरोप पाठवायचा राहून जातो आणि वर्षभराने फोन केला की ‘आपण कोण?’ इथपासून सुरुवात होते.

कोणत्या ओळखी कामाला येतात

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, नव्या संधींची खबर जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. जवळची मंडळी आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. त्यांनी या मताला दुजोरा दिला, पण त्याला मुरडही घातली: नोकरी बदलताना सर्वाधिक उपयोग झाला तो मध्यम सैल ओळखींचा, अगदी पुसट ओळखींचा नव्हे. एका कार्यक्रमात पन्नास कार्डे गोळा करण्यापेक्षा चार-पाच जणांशी नीट बोलावे, हे म्हणूनच बरे.

पहिली भेट

दोघे अगदी समोरासमोर उभे राहून बोलत असतील तर मध्ये शिरू नये. खांदे जरा बाहेरच्या बाजूला वळलेले असले की तिसऱ्याला जागा असते. आपली ओळख वीस-तीस सेकंदांत संपावी आणि तिच्यात हुद्द्यापेक्षा काम दिसावे. ‘मी लेखा सल्लागार आहे’ यावर समोरचा ‘अच्छा’ म्हणून थांबतो. ‘छोट्या कारखान्यांची उधारी वेळेवर वसूल व्हावी म्हणून बिलांची पद्धत लावून देतो’ म्हटले की तो पुढचा प्रश्न विचारतो.

नावे विसरण्याचे कारण बहुतेक वेळा स्मरणशक्तीत नसते. मानसशास्त्रीय संशोधक माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्येच दाखवले की, आपली बोलण्याची पाळी यायच्या जरा आधी जे बोलले जाते ते नीट लक्षात राहत नाही. मन स्वतःच्या वाक्याची जुळवाजुळव करत असते. गोल बसून ओळखी होतात तेव्हा शेजाऱ्याचे नाव निसटते ते यामुळे. आपले वाक्य आधीच पाठ असले तर कान मोकळे राहतात. शिवाय पहिल्या मिनिटात ते नाव एकदा उच्चारावे. ऐकताना नव्या विषयावर उडी न मारता समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातून प्रश्न काढावा. निरोप घेताना बहाणा नको. ‘तुमच्याकडून ही माहिती छान मिळाली, आता आणखी दोघांना भेटून घेतो’ एवढे पुरते.

पाठपुरावा

इथेच सर्वाधिक गळती होते. संकोच हे त्याचे मोठे कारण, आणि तो बराचसा निराधार असतो: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासानुसार, पहिल्या संभाषणानंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षाहून कमी करतात. भेट संपताच कुठे भेटलो, काय बोलणे झाले आणि आपण काय पाठवायचे कबूल केले हे टिपून ठेवावे. एक-दोन दिवसांत चार-पाच ओळींचा निरोप जावा. त्यात बोलण्यातला एखादा नेमका मुद्दा आणि कबूल केलेली वस्तू हवी. माहितीपत्रक व दरपत्रक नको.

विनंती आणि शिफारस

‘काही काम असेल तर सांगा’ या वाक्याने कुणाचेच काम होत नाही, कारण काय शोधायचे ते समोरच्याला कळत नाही. ‘पॅकेजिंगची खरेदी पाहणारे कुणी ओळखीचे आहे का?’ याचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. दोघांची गाठ घालून देण्यापूर्वी दोघांनाही वेगवेगळे विचारावे. न विचारता फोन नंबर दिला तर एक जण भिडेखातर बोलतो, मनात मात्र गाठ घालणाऱ्यावर नाराज होतो. ज्याचे काम पाहिलेले नाही त्याच्यासाठी शब्द टाकू नये. ओळख करून देणे आणि हमी देणे यांतला फरक तोंडाने स्पष्ट सांगावा.

ओळख टिकवणे

कामापुरता मामा करणारा लगेच ओळखू येतो. तीन-चार महिन्यांतून एकदा, काहीही न मागता, समोरच्याच्या कामाची एखादी बातमी किंवा दुवा पाठवला तरी संबंध जागता राहतो. सणासुदीचे सामूहिक संदेश मात्र जवळजवळ वाया जातात. वर्षानुवर्षे थंडावलेल्या ओळखीही टाकाऊ नसतात: विश्वास जुना असतो आणि दरम्यान त्या माणसाचे वर्तुळ बदललेले असते. अशा वेळी ‘बरेच दिवसांत बोलणे झाले नाही’ हे सरळ मान्य करून कामाचे बोलावे. लांबलचक खुशालीनंतर हळूच आलेली विनंती जास्त खटकते. आणि कुणी आपल्यासाठी शब्द टाकला असेल तर पुढे काय झाले ते त्याला कळवावे, काम झाले नसले तरी. हे न कळवल्यामुळे दुसरी शिफारस थांबते, आणि ती का थांबली हे कुणी सांगत नाही.