दोन डोस झाले तरी दारात का अडवत? खान्देशातील दुकानदार, कार्यालयमालक आणि प्रवाशांसाठीच्या २०२१ मधील कोरोना लसीकरण नियमांची माहिती

राज्य शासनाच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानुसार दुकाने, मॉल, मंगल कार्यालये, तिकिटाचे वा बिनतिकिटाचे कार्यक्रम आणि सार्वजनिक वाहतूक या सर्व ठिकाणी काम करणारे आणि तेथे येणारे अशा दोघांचेही ‘संपूर्ण लसीकरण’ झालेले असणे बंधनकारक होते; हे नियम आता लागू नाहीत. आपल्याकडे अनेकांनी याचा अर्थ ‘दोन डोस’ एवढाच घेतला. दारातले वाद तेथूनच सुरू होत. ‘दोन्ही डोस व्हयी ग्यात’ असे सांगणारा माणूस खरेच बोलत असे आणि त्याला आत न सोडणारा दुकानदारही नियमाप्रमाणेच वागत असे, कारण दुसरा डोस घेतल्यावर १४ दिवस पूर्ण झाल्याखेरीज त्या व्यक्तीचे लसीकरण आदेशाच्या व्याख्येत पूर्ण धरले जात नव्हते. ज्याने ६ डिसेंबरला दुसरा डोस घेतला, तो २० डिसेंबरपासून पात्र ठरे. मधल्या काळात प्रमाणपत्र हातात असले तरी त्यावरची तारीखच त्याच्या विरुद्ध जाई.

यापेक्षा अवघड स्थिती त्यांची होती, ज्यांचा दुसरा डोस अजून देयच झालेला नव्हता. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर ठेवावे लागे आणि त्याआधी कोविन ही लसीकरणाच्या नोंदीची संगणक प्रणाली नोंदच घेत नसे. शासनाने स्वतः ८ ऑक्टोबरपासून ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरणाची मोहीम राबवली. त्या मोहिमेत १० ऑक्टोबरला पहिला डोस घेतलेल्या शेतमजुराला दुसरा डोस २ जानेवारी २०२२ पूर्वी मिळू शकत नव्हता आणि तो १६ जानेवारीपूर्वी ‘संपूर्ण लसीकरण झालेला’ होऊ शकत नव्हता. म्हणजे शासनाच्या हाकेला ओ देऊन शिबिरात गेलेला माणूस त्याच शासनाच्या पुढच्या आदेशाने बाजाराबाहेर राहिला, आणि यात त्याची कोणतीही कसूर नव्हती. आदेश काढणाऱ्यांनी हा हिशेब केला होता की नाही, हे आदेशाच्या मजकुरावरून दिसत नाही. अशा व्यक्तींसाठी वेगळी सवलत नव्हती, म्हणून घरातील पात्र व्यक्तीला बाजाराला पाठवणे हाच तेव्हाचा व्यवहार्य मार्ग होता. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचे अंतर चार ते सहा आठवड्यांचे असल्यामुळे त्यांची अडचण लवकर सुटे.

अठरा वर्षांखालील मुलांना लसीची अट नव्हती. मात्र वय सिद्ध करणारे शाळेचे किंवा शासकीय ओळखपत्र जवळ असावे लागे. येथे बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना विशेष लक्ष द्यावे लागे. अठरावे वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी सूट संपे, आणि त्या दिवशीच कोविशिल्डचा पहिला डोस घेतला तरी ८४ अधिक १४ असे ९८ दिवस मोजावे लागत. १ नोव्हेंबरला अठरा पूर्ण झालेला मुलगा ७ फेब्रुवारीपूर्वी पात्र होऊ शकत नव्हता. कोव्हॅक्सिन उपलब्ध असल्यास हाच काळ सुमारे दीड महिन्यावर येई.

आजारामुळे लस घेता येत नसल्यास मान्यताप्राप्त डॉक्टरांचे तसे प्रमाणपत्र चाले. मधुमेह किंवा रक्तदाब असल्याची चिठ्ठी म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. या दोन्ही आजारांच्या रुग्णांना लस घ्यावी असेच सांगितले जाई. पहिल्या डोसनंतर किंवा लसीतील एखाद्या घटकामुळे तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांनी ते कारण स्पष्ट लिहून सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक दिल्यास दारावर प्रश्न उरत नसे. नुकताच कोरोना होऊन गेलेल्यांना बरे झाल्यावर तीन महिने लस घेऊ नये असे केंद्राने १९ मे २०२१ पासून सांगितले होते, तरी आदेशातील सवलतींत त्यांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. त्यांना डॉक्टरांकडून या काळापुरते लेखी पत्र घेऊन ठेवावे लागे. ते प्रत्येक ठिकाणी मानले जाईल याची खात्री मात्र देता येत नव्हती.

आता कागदांविषयी. पुरावा म्हणून दोन गोष्टी चालत. पहिली शासनाचा युनिव्हर्सल पास, म्हणजे संपूर्ण लसीकरण झाल्याचा ऑनलाईन पास, आणि दुसरी कोविनचे अंतिम प्रमाणपत्र, परंतु त्यासोबत फोटो असलेले ओळखपत्र लागे. पास काढण्याची रीत सोपी होती: शासनाच्या ई-पास संकेतस्थळावर कोविनला नोंदवलेला मोबाईल क्रमांक टाकायचा, ओटीपी द्यायचा आणि फोटो चढवायचा, त्यानंतर पासची लिंक संदेशाद्वारे येई. अडे ते ‘नोंदवलेला मोबाईल क्रमांक’ येथे. तेव्हा एका क्रमांकावर चारच जणांची नोंद होत असे, तरीही सातपुड्यातील पाड्यांवर आणि लहान गावांतील शिबिरांत लोकांकडे फोन नसल्याने आशाताईंचा, सरपंचांचा किंवा शेजारच्या मुलाचा क्रमांक सर्रास लावला गेला. मग ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाई, तो कामावर असे, धडगाव-अक्कलकुवा भागात अनेक ठिकाणी नेटवर्क नसे, आणि इकडे सायबर कॅफेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पृष्ठ बंद होई. अशा वेळी पासच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. ज्याचा क्रमांक असे, त्याच्याकडून एकदाच प्रमाणपत्र उतरवून घेणे, त्याच्या दोन रंगीत प्रती काढणे, त्यांतील एक प्लास्टिकमध्ये बसवून आधार कार्डासोबत खिशात ठेवणे आणि दुसरी घरी जपणे हेच सोयीचे होते. क्यूआर कोडवर घडी किंवा पिन आली, तर तो वाचला जाण्यात अडचण येई.

ओळखपत्राची गल्लतही नेहमीची होती. प्रमाणपत्रावर ज्या ओळखपत्राचे शेवटचे अंक छापलेले असत, तेच ओळखपत्र दाखवणे बरे होते. आधारवर लस घेऊन दारात मतदान कार्ड पुढे केले, तर नाव जुळूनही तपासणारा अडून बसे. पहिला डोस एका क्रमांकावर व दुसरा दुसऱ्याच क्रमांकावर घेतल्यामुळे काहींकडे पहिल्याच डोसची दोन प्रमाणपत्रे होती. कोविनमध्ये लॉगिन करून तक्रार नोंदवण्याच्या सुविधेतून ती एकत्र करता येत. नाव, जन्मवर्ष किंवा लिंग चुकले असल्यास दुरुस्तीची संधी एकदाच मिळे, तीही यांपैकी दोनच बाबींसाठी. शिबिरात घाईने नोंद करताना वडिलांचे नाव आडनावाच्या जागी पडल्याची उदाहरणे कमी नव्हती. म्हणून आधारवरील अक्षर न् अक्षर पाहून, कॅफेवाल्याच्या बाजूला बसूनच दुरुस्ती करावी लागे. परदेशी जाणाऱ्यांना पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख त्याच प्रमाणपत्रावर चढवून घेता येई.

दुकानदारांना एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागे. नियम मोडणाऱ्या ग्राहकाला ५०० रुपये दंड होता, पण तो ज्या आस्थापनेत सापडला तिला १०,००० रुपये. आस्थापनेने स्वतःच नियम पाळले नसतील, तर प्रत्येक वेळी ५०,००० रुपये, आणि वारंवार चुकल्यास टाळे लागू शकत होते. जळगावच्या सराफ बाजारातील पेढी असो वा शिरपूरमधील कापडाचे दुकान असो, गल्ल्याजवळ एक फाईल ठेवणे आणि तिच्यात मालकापासून हमालापर्यंत प्रत्येकाचे अंतिम प्रमाणपत्र व ओळखपत्राची प्रत लावणे शहाणपणाचे होते. तपासणी पथक सर्वप्रथम नोकरांचीच कागदपत्रे मागे, आणि एक डोस घेतलेला नोकर गल्ल्यावर बसलेला असेल तर ग्राहकांच्या तपासणीचा सारा काटेकोरपणा वाया जाई. आणखी एक बाब आपल्या भागात हमखास चुके. आदेशात स्पष्ट लिहिले होते की रुमाल म्हणजे मास्क नव्हे. खांद्यावरचे उपरणे नाकापर्यंत ओढून घेणाऱ्या ग्राहकावर दंड झाला, तर तो अन्याय नसे. मंगल कार्यालयांना बंद जागेत क्षमतेच्या ५० टक्के आणि मोकळ्या जागेत २५ टक्के उपस्थितीची मर्यादा होती. यजमानाने पत्रिका कितीही वाटल्या असल्या तरी दारावरचा दंड कार्यालयमालकाच्या नावाने फाटे. हे राज्याचे नियम होते. जिल्हा प्राधिकरण ते अधिक कडक करू शकत होते, शिथिल करू शकत नव्हते. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांचे नवे आदेश पाहत राहावे लागे.

एसटीच्या संपामुळे तेव्हा बहुतेकांचा प्रवास काळी-पिवळी आणि खासगी बसने होत होता. या वाहनांनाही नियम लागू होते: विनामास्क किंवा अपात्र प्रवासी सापडल्यास त्याला ५०० रुपये, चालक व वाहकालाही ५०० रुपये, आणि बस असल्यास वाहतूक संस्थेला १०,००० रुपये दंड होता. दंड भरताना पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

राज्याबाहेरून येणाऱ्यांसाठी पूर्ण लसीकरण किंवा ७२ तासांतील आरटीपीसीआर अहवाल, यांपैकी एक पुरे होते. सुरतेला कामाला असलेले नंदुरबारचे लोक आणि बऱ्हाणपूरहून रावेरला येणारे व्यापारी येथे एक चूक करत. निगेटिव्ह अहवाल त्यांना राज्यात येण्यापुरता उपयोगी पडे. त्याच्या जोरावर नवापूरला उतरलेल्या एका डोसच्या प्रवाशाला पुढच्या काळी-पिवळीत बसण्याचा किंवा बाजारात शिरण्याचा हक्क मिळत नसे, कारण तेथे लसीची अट स्वतंत्र होती. म्हणून अशा प्रवाशाला स्टेशनवरून घरी नेण्यासाठी घरचे वाहन सांगून ठेवावे लागे, आणि ७२ तास मोजताना अहवाल हाती आला ती वेळ न धरता नमुना दिला ती वेळ धरावी लागे. सुट्टीच्या दिवसांत प्रयोगशाळेचा अहवाल उशिरा येई आणि हातात पडेपर्यंत त्यातील बरेच तास आधीच संपलेले असत.