७६ मार्कांचा रेडिओ

लक्ष्मीपुरीत परवा एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वॉल्व्हचा सेट उघडून ठेवलेला, तो बघत बसलेल्यांतला एकजण म्हणाला, हिटलरच्या रेडिओवर सरकारी स्टेशनच लागायचं, सर्किटच तसं केलेलं. हे लई जण सांगतात, पण तसं नव्हतं, आणि जे होतं ते जास्त बेरकी होतं.

१९३२ ला प्रभातनं इथं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' बोलता केला, त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडं जर्मनीत गोबेल्स प्रचारमंत्री झाला आणि ऑगस्टात बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फोल्क्सएम्फेंगर आला, म्हणजे जनतेचा रेडिओ. मॉडेल व्हीई ३०१. आकड्याचा अर्थ ३० जानेवारी, हिटलर चॅन्सेलर झाला तो दिवस, घ्या, मॉडेल नंबरात पण प्रचार! किंमत ७६ मार्क, १९३८ चा छोटा सेट तर ३५ लाच, त्याला लोक मागनं 'गोबेल्सचं थोबाड' म्हणायचे.

स्वस्त कसा पडला? सगळ्या कंपन्यांना एकच डिझाइन, बेकेलाइटचा डबा, आत साधा रिॲक्शनवाला सेट, म्हणजे वाढवलेली लहर थोडी परत आत फिरवून आणखी वाढवणारा, आणि लांबच्या स्टेशनांचा शॉर्टवेव्ह पट्टा नाहीच. जवळचं स्टेशन दणक्यात, लांबचं ऐकायचं तर चांगली एरियल, रात्रीची वेळ आणि हलका हात पाहिजे. रिॲक्शनचं बटण केसभर जास्त फिरलं की सेट शिट्टी मारतो आणि वर स्वतःच एरियलमधनं लहरी सोडतो, म्हणजे शेजाऱ्याच्या रेडिओत पण शिट्टी. चोरून लंडन, म्हणजे बीबीसी, लावणाऱ्याच्या पोटात काय गोळा येत असंल बघा.

पण लंडन लागत होतं, आणि लागत होतं म्हणूनच १ सप्टेंबर १९३९ ला, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, परदेशी स्टेशन ऐकणं गुन्हा ठरवणारा हुकूम निघाला, ऐकलेलं पसरवलं तर मृत्युदंडापर्यंत. सेटच्या बटणाला अडकवायला ताकीद छापलेलं कार्डही निघालं. सर्किटनं जमलं असतं तर कार्ड कशाला छापलं असतं?

घरात रेडिओ नसला तरी सुटका नव्हती, हिटलरचं भाषण असलं की कारखान्यात काम थांबवून कर्ण्यावर ऐकवायचे. आपल्याकडं गणपतीत कर्णा नकोसा झाला तर निदान दार लावून घेता येतं.

टेपचं प्रकरण वेगळंच. एईजी या जर्मन कंपनीनं मॅग्नेटोफोन, म्हणजे टेप रेकॉर्डर, १९३५ ला दाखवला, पण खरखर फार, ती १९४० ला एसी बायसमुळं गेली, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजात कानाला ऐकू न येणारा, वेगानं उलटसुलट होणारा करंट मिसळायचा. मग टेपवरचं कुठलं आणि समोरचं कुठलं ते ओळखू येईना. इंग्लंडात असलेला जॅक मलिन नावाचा अमेरिकन सैनिक रात्री उशिरा जर्मन रेडिओ ऐकायचा आणि चक्रावायचा, एवढ्या अपरात्री हे अख्खा ऑर्केस्ट्रा बसवून वाजवतात की काय! युद्ध संपल्यावर त्याला ती मशीन सापडली, दोन सुटी करून त्यानं घरी पाठवली, आणि १९४७ ला अमेरिकेत बिंग क्रॉस्बी या गायकाचा रेडिओ शो टेपवर रेकॉर्ड व्हायला लागला तो तिच्यावरच.